पाय लटपटले नव्हते

गेल्या महिन्यात मुलींचा बास्केटबॉलचा सामना बघायला गेले होते. अशा ठिकाणी मी कडेला, भिंतीला टेकून उभी राहते. कुणाशी बोलावं लागत नाही. माझ्या पुढे दोन गृहस्थ बसले होते. खेळात एका चांगल्या मुलीच्या हातून अगदी सोपा चेंडू हुकला, तसा त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "ही बी कागलची झाली बघ."

"व्हय की. फायनल आली की ह्यांचं पाय लटपटत्यात."

दोघं हसले. एकानं शेंगांची टरफलं माझ्या चपलेजवळ टाकली.

सहा वर्षं झाली त्या अंतिम सामन्याला. कोल्हापुरात अजून कुणी ऐन वेळी कच खाल्ली, की त्याला 'कागलची झाला' म्हणतात. पैलवानाला म्हणतात, परीक्षेत नापास झालेल्याला म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी निम्मे तरी त्या सामन्याला नव्हते. मी होते. मी त्या पाच जणींतली एक होते. त्या दिवशी काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि इतकी वर्षं मी गप्प बसले. त्या दोघांनाही मी काही बोलले नाही. घरी आले आणि रागानं जेवण गेलं नाही.

माझं शिक्षण बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथल्या एका सिस्टरनं आम्हांला बास्केटबॉल शिकवला. झग्याचा घेर एका हातात गोळा करून ती दुसऱ्या हातानं चेंडू टाकायची. पुढे वडिलांनी वकिलीसाठी कोल्हापूर धरलं आणि मी इथल्या कॉलेजात आले. माझं मराठी पुस्तकी होतं. वर्गात पहिल्याच आठवड्यात मी काहीतरी बोलले आणि मागचं सगळं बाक हसलं. त्यानंतर मी कमी बोलू लागले. मुली मला 'मडम' म्हणत. मी गर्विष्ठ आहे असं त्यांना वाटे आणि त्यांना तसं वाटणं मला सोयीचं होतं.

कॉलेजात मुलींचा संघ करायचा ठरला तेव्हा पाच मुली मिळेनात. मी उंच होते, म्हणून मला घेतलं. पाचवी कागलहून आली होती.

तिनं त्याआधी बास्केटबॉल पाहिलासुद्धा नव्हता. कवायतीच्या मास्तरांनी तिच्या हातात चेंडू दिला आणि वरची कडी दाखवली. तिनं चेंडू एकदा हातात तोलला, गुडघ्यात जराशी वाकली आणि टाकला. चेंडू कडीला न शिवता आतून खाली आला. मास्तर म्हणाले, "परत टाक." तिनं परत टाकला. पुन्हा तसाच.

"कुठं शिकलीस गं?" मी विचारलं. कॉलेजात आपण होऊन कुणाशी बोलले त्यातलं हे पहिलं वाक्य असावं.

"शिकायचं काय त्यात? गंजीवर कडब्याच्या पेंढ्या फेकत हुतो की. वर चुलता उभा ऱ्हायचा. त्येच्या हातात बरोब्बर पडली न्हाई, तर शिवी घालायचा."

कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायकांसारखी ती 'मी फेकतो, मी जातो' असंच बोलायची. मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची. मला 'मडम' तीही म्हणे, पण तिच्या तोंडी ते मला लागत नसे. सगळे तिला 'कागलची' म्हणत. इथे मीही तेच म्हणते.

तिचे वडील नव्हते. घर चुलत्यांच्या ताब्यात होतं. कोल्हापुरात ती पेठेत आत्याकडे राहायची. एकदा खेळून झाल्यावर मैदानाच्या नळावर पाय धुताना ती मला म्हणाली, "शाळांत पोरींना खेळ शिकवणाऱ्या बाई असत्यात म्हणं. मला ती बाई व्हायचंय." त्यासाठी बाहेरगावी जाऊन एक वर्षाचं शिक्षण घ्यावं लागे. मास्तरांनी चौकशी केली होती. राज्याच्या संघाची निवड करणाऱ्यांनी शिफारशीचं पत्र दिलं, तर तिला तिथे जागा मिळणार होती. चुलत्यांनी तिला सांगितलं होतं, पत्र आलं तर जा. न्हाई आलं, तर परीक्षा झाली की घरला ये, म्हशी हायेत. चुलते वाईट नव्हते. त्यांनी अट घातली आणि ते अटीला जागणारे होते, एवढंच.

त्या वर्षी आंतरजिल्हा सामने कोल्हापुरात होते आणि जिल्ह्याचा म्हणून आमचाच संघ उतरला. आम्ही एकेक सामना जिंकत गेलो. खरं तर ती जिंकत गेली. आम्ही चौघी चेंडू मिळाला की तिच्याकडे टाकायचो. तिनं सांगितलं म्हणून नव्हे. सोपं होतं म्हणून. आपल्या हातून हुकला तर लोक ओरडतात. तिच्याकडे दिला तर कुणी काही म्हणत नाही.

उपांत्य सामन्यात तर तिनं कमालच केली. मैदानाच्या भिंतीवर पुण्याच्या मुली पाय सोडून बसल्या होत्या, शेंगा खात. अंतिम सामना त्यांच्याशी होता. सगळं मैदान आमच्या कडीकडे बघत होतं, त्या मात्र फक्त तिच्याकडे बघत होत्या. मधूनच एकमेकींच्या कानात बोलत होत्या. मला ते दिसलं. मी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी पेठेत पोचली. कोल्हापूरला खेळ म्हटला की कुस्ती. दोघं उतरणार, एक पडणार. आपल्या गावात एक पोरगी पुण्यावाल्यांना पाडणार, असं सगळ्यांनी धरलं. संघ, पाच जणी, पास, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. लोक मास्तरांना विचारत, "त्यांच्यातली कोण उतरणार हाय कागलचीबरुबर?"

अंतिम सामना दुपारी चारला होता. त्या दिवशी सकाळी आठला तिला टांग्यात बसवलं. पुढे हलगी. पेठेतल्या घराघरांत नेऊन तिला ओवाळलं. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायच्या, "माझी बाय ती! नाक कापून ये पुण्याचं." आत्यानं मलाही बरोबर घेतलं होतं, मी टांग्यात कोपऱ्यात बसले होते. मी घरं मोजली नाहीत, पण ऊन डोक्यावर आलं तरी टांगा चालूच होता. प्रत्येक घरात तिला काहीतरी खायला लागे. नको म्हटलं की, "आमच्याच घरचं नको काय?" दुपारी एका घरी मटणाचं जेवण, पांढरा रस्सा वाटीवर वाटी. तीन वाजता मैदानावर आलो, तर तिथे एकानं म्हैस आणून बांधली होती. धारेचं दूध, फेसासकट, चरवीनं.

"पी. ताकद येती," तो म्हणाला.

मी तिच्या कानात म्हटलं, "पिऊ नकोस. पळायचं आहे."

"आता कसं न्हाई म्हणू?" ती म्हणाली आणि प्यायली.

मला त्या सगळ्यांचा राग येत होता, आणि आजही येतो. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं हे मी नाकारत नाही. पण उद्या मुलीची परीक्षा आहे म्हणून आदल्या रात्रभर तिच्यापुढे कुणी बॅन्ड वाजवत नाही. खेळाच्या बाबतीत मात्र हे सगळं चालतं. मग ती दमली की म्हणायचं, घाबरली.

दुधापर्यंतचं पुष्कळांनी पाहिलं. पुढचं फार थोड्यांनी पाहिलं.

सामन्याला दहा मिनिटं असताना वस्ताद आले. तिचे वडील तरुणपणी त्यांच्या तालमीत होते. सत्तरीच्या पुढचे, कान मोडलेले, पांढऱ्या फेट्याचे. त्यांच्या हातात पितळी ताटली होती आणि तिच्यात तालमीतली लाल माती. या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेलं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एक माहीत होतं, त्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईनं कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

"पोरी, हात फुडं कर," ते म्हणाले.

तिनं दोन्ही हात पुढे केले. त्यांनी मूठभर माती घेतली आणि तिच्या दोन्ही तळहातांवर चोळली, अगदी बोटांच्या पेरांपर्यंत, पैलवानाला लावतात तशी. त्यांचे डोळे भरले होते.

"ही बाईच्या हाताला लावल्याली न्हाई आजवर. तुझा बा असता, तर त्येनं लावली असती."

ती वाकून त्यांच्या पाया पडली. उठली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. मला म्हणाली, "चल मडम."

पहिलाच पास मी तिला दिला. चेंडू तिच्या हातातून साबणाच्या वडीसारखा निसटला. लोक हसले, तीही हसली. मग दुसरा. मग तिसरा. तोवर पुण्याच्या दोघी तिच्या अंगाला चिकटल्या होत्या, एक पुढे, एक मागे. ती उजवीकडे वळायची तिथे एक जण आधीच उभी असे. उपांत्य सामन्यात भिंतीवर बसून त्यांनी हेच शिकून घेतलं होतं. म्हणजे आमच्यातली एक तरी सतत मोकळी असे. तरी आम्ही चेंडू तिच्याकडेच टाकत होतो, त्या दोघींच्या मध्ये.

मध्यंतरात मी तिला नळाकडे ओढलं. "हात धू."

"न्हाई."

"अगं, चेंडू धरता येत नाहीये तुला. चेंडू बघ." चेंडूवर लाल बोटं उमटली होती.

"वस्ताद बघाय लागल्यात." ते खरंच रेघेच्या कडेला उभे होते, हात मागे बांधून. ते खेळ बघत नव्हते. तिचे हात बघत होते. "धुतली तर त्यास्नी काय वाटंल?"

"तुझ्या पत्राचं काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तळहात विजारीला पुसले. पांढऱ्या विजारीवर दोन लाल पंजे उठले, पण तेल तसंच राहिलं. पाणी प्यायला तिनं तांब्या मनगटांत धरला.

नंतर तिला दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो म्हणजे समोर कुणी आडवं येत नाही, आपण आणि कडी. हलगी थांबली. तिच्या दोन्ही चेंडूंनी बोर्डसुद्धा गाठला नाही. इथेच लोकांनी आपला निकाल देऊन टाकला. अडवायला कुणी नाही, तरी जात नाही, म्हणजे भीतीच! माझ्यामागे एक जण ओरडला, "दूध वाया गेलं की रं!"

शेवटी आम्ही एका गुणानं मागे होतो. चेंडू तिच्याकडे आला. दोघी तिच्या अंगावर होत्या. तिनं टाकला, चेंडू फिरत बोर्डाच्या कडेला लागून बाहेर गेला आणि शिट्टी झाली. या क्षणाबद्दल मला अजून एक सांगायचं आहे. ते मी शेवटी सांगेन, कारण तेच सांगायला मला सगळ्यात जड जातं.

निवड समितीचे गृहस्थ पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. कोट, काळी टोपी, चहाचा कप. मास्तर त्यांच्याजवळ धावले. मी चेंडू गोळा करायच्या निमित्तानं तिथे गेले.

"हात आहे मुलीला," ते म्हणत होते. "पण मोठ्या सामन्याचा पिंड नाही. पिंड शिकवून येत नसतो."

पिंड! जिला चार तास उन्हात फिरवलं, पोट तुडुंब भरलं, हाताला तेल लावलं, आणि जिच्या चार मैत्रिणींनी स्वतःची जोखीम तिच्या गळ्यात टाकली, तिचा हा पिंड. खुर्चीवरून त्यांना मुलीचं काळीज दिसलं, विजारीवरचे लाल पंजे दिसले नाहीत.

मी त्याच संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरी बोलावल्याशिवाय गेले असेन. वाटेत वाक्यं जुळवत होते, ती इंग्रजीत सुचत होती. मास्तरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जाणार आहेत ते. साडेसहाला तिला मैदानावर आण. बघू."

आत्याच्या घरी गेले तर ती परसात भांडी घासत होती. मी सांगितलं. ती उठली आणि राखेच्या हातानं तिनं माझा दंड धरला.

"येतो मी. पर मातीचं बोलायचं न्हाई."

"तेच तर खरं कारण आहे!"

"आसंल. वस्तादांच्या मातीनं हरली म्हणून उद्या गावभर होईल. त्येंचं तोंड बघवंल काय मला? शपथ घे."

मी शपथ घेतली. मला ती तेव्हाही पटली नव्हती.

सकाळी मैदानावर आम्ही चौघंच. मी, ती, मास्तर आणि ते गृहस्थ, ओव्हरकोटात. त्यांनी माझं बोलणं ऐकलं. मी टांग्याचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, दोघींनी तिला कसं कोंडलं ते सांगितलं, आम्ही चौघी कशा चुकलो तेही सांगितलं. माझं मराठी दोनदा अडखळलं. मातीशी आले आणि थांबले. ती माझ्याकडे बघत होती.

"बरं," ते म्हणाले, "टाकू दे दहा."

तिनं हात साबणानं धुतले होते. फ्री थ्रोच्या रेघेवरून दहा टाकले. नऊ आत गेले. दहावा कडीवर फिरून बाहेर पडला आणि ती स्वतःशीच एक शिवी देऊन हसली.

त्यांनी घड्याळ बघितलं. "छान," म्हणाले. "पण रिकाम्या मैदानावर सगळ्यांनाच जमतं, मुली. खेळ माणसांपुढे असतो." मास्तर काही बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला. "कारणं प्रत्येकालाच असतात."

ते टांग्यात बसून गेले. मी चेंडू इतक्या जोरानं भिंतीवर मारला की तो रस्त्यापर्यंत गेला. तिनंच तो आणला.

पत्र आलं नाही. परीक्षा झाल्यावर ती कागलला गेली. पहिल्या सामन्यांत जो खेळतो तो खरा नाही आणि शेवटच्या दिवशी जो हुकतो तोच खरा, हा न्याय कुणी ठरवला, हे मला अजून कळलेलं नाही. शेवटच्या दिवशी खेळाडू एकटाच बदलत नाही. त्याच्याभोवतीचं सगळं बदलतं. समोरचे त्याला पाठ करून आलेले असतात. आपले त्याच्यामागे लपलेले असतात. आणि गाव येऊन त्याच्या हाताला आपलं प्रेम चोळून जातं. मग चेंडू निसटतो, आणि सगळे बोट दाखवतात ते त्याच्या छातीकडे.

मागच्या वर्षी वस्ताद गेले. त्या दोन गृहस्थांचं बोलणं ऐकल्यावर, पुढच्या रविवारी मी एस. टी.नं कागलला गेले. ती गोठ्यात होती. थोडी जाड झाली आहे, आवाज तोच. मी म्हटलं, मला हे लिहायचं आहे, मातीसकट. वस्ताद नाहीत आता. शपथ सोडव.

तिनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

"लिही. पर त्यांच्या मनात वाईट न्हवतं, ते बी लिही. आन् दुधाचं लई लांबवू नको. दुसऱ्यांदा मीच मागून घेतलतं."

"दुसऱ्यांदा?"

"ग्वाड हुतं गं!" ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "आन् लिहितीस, तर सगळं लिही हां मडम. शेवटचा चेंडू बी."

म्हणजे तिला माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं.

शेवटच्या चेंडूला तिच्यावर दोघी होत्या. पण तिनं टाकण्याआधी एक क्षण मान वळवली होती. मैदानावर चौफेर नजर फिरवली होती, कुणाचा हात वर दिसतो का म्हणून. मी बरोबर कडीखाली उभी होते. माझ्या आसपास कुणी नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये तिथून मी हजार वेळा चेंडू टाकला होता. हात वर करून तिला फक्त हाक मारायची होती. तिचं पत्र त्या एका हाकेवर होतं. पण सगळं कोल्हापूर बघत होतं, आणि माझ्या हातून हुकला असता तर लोक माझ्याकडे बघून ओरडले असते.

माझ्या हाताला माती लागलेली नव्हती. तो कोरडा होता, स्वच्छ होता. तो मी वर केला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, पाय लटपटले, तर कुणाचे ते नीट विचारा.